औषधाला किती खर्चावे?

मिरज जंक्शनवर कोल्हापूर, बेळगाव, पुणे आणि पंढरपूर अशा चहूकडून गाड्या येतात, आणि उतरणाऱ्यांत एक्स-रेचे मोठे पाकीट सांभाळणारा एखादा तरी असतोच. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस ह्यांनी येथे मिशनचे रुग्णालय उघडले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि हे गाव रोग्यांची पंढरी झाले. मात्र पंढरीच्या वारकऱ्याला वारीसाठी शेत विकावे लागत नाही.

आपल्या कुटुंबांत मोठे दुखणे आले की प्रथम ठेव मोडते, मग दागिने गहाण पडतात, शेवटी जमिनीच्या तुकड्यावर नजर जाते. मधल्या मध्ये मुलीचे शिक्षण थांबते, त्याची कुणी नोंदही घेत नाही. एवढे करून रोगी गेला, तर ‘आम्ही काही कमी पडू दिले नाही’ एवढेच समाधान उरते. हे सारे आपण प्रीतीपोटी करतो की लोकलज्जेपोटी?

संत मार्कच्या शुभवर्तमानातील रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आठवावी. बारा वर्षे अनेक वैद्यांच्या हातून सोसून, होते नव्हते ते खर्चून तिचे दुखणे उलट वाढलेच होते. मार्कने वैद्यांची भीड मुळीच ठेवलेली नाही!

ह्या बाबतीत ख्रिस्तसभेने दाखवलेला समजूतदारपणा आपल्यापर्यंत फारसा पोचलेला नाही. सोळाव्या शतकात सालामांका येथील दोमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया ह्यांनी म्हटले, की प्राण राखण्यासाठी माणसाने आपली सारी उपजीविका घालवावी असे बंधन नाही. १९५७ साली पोप बारावे पायस ह्यांनी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना साधारण उपाय कर्तव्य, असाधारण नव्हेत, हा भेद स्पष्ट केला. इच्छामरणाविषयीच्या १९८० च्या रोमच्या घोषणापत्राने तर कुटुंबावर अवाजवी खर्च पडू नये ह्या इच्छेने असा उपचार नाकारणेही आत्महत्येसमान मानले नाही.

पण ती इच्छा रुग्णाची असावी लागते. ‘म्हातारीला आता कशाला त्रास’ हे वाक्य पुष्कळदा पैशाच्या विचाराने उच्चारले जाते, आणि तेही खाटेपाशी नव्हे, व्हरांड्यात. सुनेच्या दुखण्याचा हिशेब मुलाच्या दुखण्यापेक्षा लवकर मांडला जातो, हेही आपण जाणतो. अन्नपाणी, स्वच्छता, वेदना शमवणारे औषध आणि उशाशी बसणारे माणूस ह्यांना असाधारण म्हणण्याची सवलत कुणालाच नाही.

शिवाय सारा भार एकट्या घरानेच का वाहावा? २०१२ साली राज्यात सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावाने चालणारी आरोग्य योजना ह्याचसाठी आहे. शेत गहाण टाकण्यापूर्वी रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटण्यात कमीपणा कसला? धर्मग्रामातील जाणत्या तरुणांनी ह्या कामी सोबत केली, तर निम्मी धावपळ वाचेल.

राहिली आजारी माणसाची गोष्ट. त्याला विचारले, तर कधी तोच सांगतो की आधी नातीची फी भरा. कधी त्याला अजून जगायचे असते, आणि घरच्यांकडे पाहून तो गप्प बसलेला असतो.