उंबरठ्यावरील शुल्क

कृतज्ञता हा सद्गुण सर्वांनाच प्रिय आहे. परंतु तिचा हिशेब मांडावयाची वेळ आली म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची लेखणी अडखळते. प्रजासत्ताकदिनी माजी सैनिकास शाल व श्रीफळ देताना जो समाज सद्गदित होतो, त्यालाच ‘या सैनिकाच्या परीक्षेचे शुल्क तू भरशील काय?’ असे विचारले, तर त्याच्या कपाळास आठ्या पडतात. प्रश्न दिसावयास क्षुल्लक, चार आकडी रकमेचा आहे. तथापि त्याच्या पोटात नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, व त्याचाच विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

निमित्त घडले ते असे. आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. थोड्याशा बांध्यांवर पोट भरत नाही म्हणून येथील काही घरांतले तरुण सैन्याची वाट धरतात. अशाच एका घरातला आमचा जुना विद्यार्थी सतरा वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार होऊन परतला. नोकरीत असतानाच त्याने मुक्त विद्यापीठाची पदवी मिळविली होती. परतल्यावर, आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलांच्या बाकावर बसून, त्याने कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. वकिली चालविण्यासाठी द्यावयाच्या परीक्षेस तो एकशे तीस किलोमीटरांवरील नागपुरास जाऊन बसला व थोडक्यात नापास झाला. दुसऱ्या खेपेचा अर्ज दाखविण्यास आला असता तो सहज म्हणाला, “सर, कारकुनाच्या जागेचा अर्ज भरला तेव्हा माजी सैनिक म्हणून फी माफ होती जी. वकिलीला मात्र भरावी लागते. असे का असावे?” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, केवळ जिज्ञासा होती. आम्हांस मात्र तत्काळ उत्तर सुचले नाही.

वस्तुस्थिती त्याने सांगितली तशीच आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत आरक्षणास पात्र अशा माजी सैनिकास शुल्क पडत नाही. महाराष्ट्र शासनाच्या गट क व गट ड पदांत त्याच्यासाठी शेकडा १५ जागा राखीव आहेत. मॅट्रिक झालेल्या व पंधरा वर्षे सेवा केलेल्या सैनिकास केंद्र सरकारच्या काही पदांपुरते पदवीधराच्या बरोबरीने धरण्याचीही सोय आहे. याउलट वकिलीच्या अखिल भारतीय परीक्षेचे शुल्क २०२४ साली साडेतीन हजार रुपयांच्या आसपास होते. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस सवलत होती, परंतु माजी सैनिक असा निराळा वर्ग नव्हता. याचा अर्थ असा होतो की, सैनिक पुन्हा चाकरी मागावयास आला तर आपण दार उघडतो. तो स्वतःच्या पायांवर उभा राहू म्हणाला, तर दारात पैसे मागतो. एका सेवेतून दुसऱ्या सेवेत जाणे एवढीच त्याची गती, असे तर आपण मनोमन धरून चाललो नाही ना?

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर निराळे दिले आहे. १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, तेथे परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा झाला. २००० सालच्या दुरुस्तीने व्यवसायाच्या परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षांचे शुल्कही त्यात आले. एका परीक्षेस दोन हजार डॉलरांपर्यंत परतफेड मिळते. त्यातले एक कलम आम्हांस विशेष मननीय वाटते: उमेदवार उत्तीर्ण होवो वा न होवो, शुल्क मिळते, पुन्हा बसला तरी मिळते. उत्तीर्णास बक्षीस देणे सोपे आहे. त्यात देणाऱ्याचीही शोभा होते. परंतु नापासाचे शुल्क भरणारा विजयाची किंमत मोजीत नसतो. प्रयत्न करण्याचा अधिकार तो मान्य करीत असतो. आपल्या शास्त्रांनी मनुष्यावर तीन ऋणे सांगितली आहेत. ऋणाचा विशेष हाच की, धनको पुढे यशस्वी होईल की नाही हे पाहून ते फेडावयाचे नसते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, सैनिकास निवृत्तिवेतन आहे. त्याला हे शुल्क जड नाही. असेलही. परंतु देणे हे देणेच असते. घेणेकऱ्याच्या घरी धान्य आहे म्हणून ते बुडत नाही. दुसरा आक्षेप अधिक भारी आहे. भर पावसात कमरेत वाकून रोवणी करणारी बाई समाजाची सेवा करीत नाही काय? मग सैनिकालाच हा मान का? आमचे उत्तर असे की, शौर्याच्या तुलनेत आम्ही शिरतच नाही. सैनिकाचे आपण जे घेतले ते त्याचे वय होय. ज्या वर्षांत त्याचे सोबती पदव्या व परवाने मिळवीत होते, ती वर्षे राष्ट्राने करार करून आपल्या कामी लावली. ती परत देता येत नाहीत. निदान त्या वर्षांत जे हुकले, त्याच्या दारातील अडसर तरी काढावा. आणि याच मापाने त्या बाईचेही काही देणे निघत असेल, तर ते नाकारण्यास सैनिकाची ढाल आम्ही पुढे करणार नाही.

शरीराची हानी डोळ्यांस दिसते. म्हणूनच पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जायबंदी सैनिकांस धंदेशिक्षण देण्यासाठी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरी तंत्रशाळा निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीस गेली. गेलेला हात दिसतो, गेलेली वर्षे दिसत नाहीत. २०२२ सालच्या अग्निपथ योजनेने तर हा प्रश्न अधिकच निकडीचा केला आहे. तीत चार वर्षांनंतर फार तर शेकडा पंचवीस जणांस कायम करावयाचे ठरले. बाकीच्यांस एकरकमी सेवानिधी, पण निवृत्तिवेतन नाही. ऐन पंचविशीच्या आत परतणाऱ्या या तरुणांपुढे कितीतरी व्यवसायांचे उंबरठे असणार, आणि बहुतेक उंबरठ्यांवर शुल्क असणार.

३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वकिलांच्या नोंदणीसाठी कायद्याने ठरविलेल्या ७५० रुपयांहून, व अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत १२५ रुपयांहून, अधिक रक्कम घेता येणार नाही, असा निर्णय दिला. भारी प्रवेशशुल्क समतेस बाधक होते, हे तत्त्व त्यात स्पष्ट झाले. तो निर्णय परीक्षेच्या शुल्काविषयी नव्हता. परंतु दाराचे मोल अखेर कोणास बाहेर ठेवते, हा विचार दोहोंस लागू आहे.

त्या दिवशी, शुल्क आम्ही भरतो, असे आम्ही त्या हवालदारास म्हटले. तो हसला आणि नम्रपणे नको म्हणाला. आम्हांस प्रथम थोडे वाईट वाटले. मागाहून विचार करता त्याचेच बरोबर होते, असे दिसून आले. जे सर्वांचे देणे आहे, ते एकाने आपल्या खिशातून भिक्षेसारखे पुढे केले, तर घेणाऱ्याचा मान जातो आणि बाकीचे सारे ऋणमुक्त झाल्यासारखे स्वस्थ झोपतात. त्याने आपले पैसे मोजून अर्ज भरला. आपला हिशेब अद्यापि मांडावयाचा आहे.