गाडी भरायच्या आधी

दिवाळी उरकली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या भरू लागतात. तवा, परात, पाण्याचा ड्रम, खोपीसाठी ताडपत्री, धाकटं पोर. वर शेवटी चढतात ती नवरा-बायको. मुकादमाच्या वहीत दोघं मिळून 'एक कोयता'. उचल कधीच खर्चून झालेली असते. मागं राहते आजी, आणि तिच्यापाशी दहावीतलं पोर.

कारखाने बंद होऊन आई-बाप परततात तोवर पोराची परीक्षा झालेली असते. मे महिन्यात निकाल लागतो आणि मग अंगणात एकच प्रश्न: सायन्स घ्यायचं का? टक्के बरे पडले तर सायन्स, कमी पडले तर आर्ट्स. मुलगी असेल तर 'बघू'. अकरावीचे प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जात दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमानं भरता येतात. आमच्याकडं ती यादी बहुतेक वेळा नेटकॅफेवाला भरतो. त्याला दोष देत नाही, रांगेत अजून वीस जण असतात. पण पोराची पुढची दोन वर्षं पाच मिनिटांत ठरतात, तीही वीज असेल तर.

हे पोर आधी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये उभं राहिलेलं असतं का? तिथं फिटरची पोरं सुरुवातीला आठवडेच्या आठवडे लोखंडाचा एक तुकडा कानशीनं घासत असतात. घासायचं, काटकोन लावायचा, उजेडाकडं धरून बघायचं. फटीतून उजेड आला की पुन्हा घासायचं. एखाद्या पोराला हे बघूनच कंटाळा येईल, एखाद्याचे हात शिवशिवतील. दोन्ही कळलेलं बरं. दहावीनंतर पॉलिटेक्निक तीन वर्षांचं, आणि त्यातून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे कितीकांना बारावी झाल्यावर समजतं. राहुरीचं कृषी विद्यापीठ आमच्याच जिल्ह्यात, पण दहावीवर कृषी पदविका करता येते हे शेतकऱ्याच्याच घरात ठाऊक नसतं.

मग कागद. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर. पुढं इंजिनिअरिंगचा विचार असेल तर जात पडताळणी. त्यासाठी आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधावा लागतो, आणि आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना सरकारी प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर 2024 पासून शैक्षणिक फी माफ आहे. सवलत मोठी आहे, पण तिची वाट तलाठ्याच्या दारावरून जाते. जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते, आश्विनात तलाठी चहा पाजतो.

म्हणून वाटतं, करिअर मार्गदर्शनाचे मेळावे मे-जूनमध्ये घेऊन फारसा उपयोग नाही. मास्तरांनी पालकसभा बोलवावी ती गाड्या भरायच्या आधी, नवरात्र ते दिवाळीच्या मधल्या दिवसांत. तेव्हा बाप गावात असतो, आई असते, सही-अंगठा मिळतो. पोराला काय आवडतं, हे आईला विचारलं तर ती बरंच सांगते. तिला सहसा कुणी विचारत नाही.

मागच्या हंगामात गाडी निघता निघता एक बाप खाली उतरला. थोरला अकरावीला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहिला होता. ओटीपी येणार आधारला जोडलेल्या नंबरावर, म्हणजे बापाच्याच. आणि बाप तर फडात. त्यानं फोन उघडला, नखानं सिम काढलं, कागदात गुंडाळून आजीच्या हातात दिलं. "नंबर आला की पोराला दाखीव," म्हणाला. आजीनं ती पुडी कमरेच्या पिशवीत तंबाखूशेजारी ठेवली. मुकादम हॉर्न वाजवत होता.