श्रमाचे माप

दुसऱ्याच्या श्रमाला आपण कोणते माप लावतो, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

१८८० च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी कारखान्यातील काम घड्याळ लावून मोजण्यास आरंभ केला. हेतू स्तुत्य होता. दिवसाचे रास्त काम किती, हे मालकाच्या लहरीवर अगर कामगाराच्या चालढकलीवर न सोडता मोजून ठरवावे. तरीही १९११ साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात एका ओतकामगाराने वेळ मोजू देण्याचे नाकारले. त्याला कामावरून काढताच त्याच्या सोबत्यांनी संप केला. माप सर्वांना मान्य नसेल, तर ते न्याय्य कसे ठरावे?

समजा, एक चपळ कारागीर एक काम ८ मिनिटांत करतो. त्याचा वेग सामान्य वेगाच्या सव्वापट असेल, तर सामान्य माणसास त्याच कामाला १० मिनिटे लागतील. थकवा व शारीरिक गरजा यांसाठी त्यांत १५ टक्के वेळ मिळवला, की प्रमाण वेळ साडेअकरा मिनिटे होते. वरची ही साडेतीन मिनिटे म्हणजे दया नव्हे. तो मापाचाच भाग आहे. सर्वांकडून आठच मिनिटांचा आग्रह धरणारा मालक मापात खोट करतो. आणि घड्याळ दिसताच मुद्दाम हात संथ करणारा कामगारही तेच करतो.

आपल्या घरी वा कचेरीत कोणी आपल्यासाठी राबत असेल, तर त्याच्या कामाचा अंदाज बांधताना त्याची विश्रांती आपण हिशेबात धरली आहे काय? हे माप त्याला दाखवण्यास आपण कचरत असू, तर दोष मापात आहे, माणसात नव्हे.