कच्चं मडकं

कराडजवळच्या एका गावात बारावीत शिकणारी एक मुलगी होती. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत तिला ‘ए’ श्रेणी मिळाली होती. बारावीनंतर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जायचं, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. १८५७ पासून चालत आलेल्या त्या शाळेचा फोटो तिनं वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला होता. पण कला सीईटीची तयारी करून घेणारं गावात कुणी नव्हतं. तयारीचे वर्ग मोठ्या शहरांत, आणि तिथली फी नि राहण्याचा खर्च घराला झेपण्यासारखा नव्हता. तेवढ्यात कळलं, की मुंबईतले एक निवृत्त चित्रकला शिक्षक संध्याकाळी ऑनलाइन कार्यशाळा घेतात. हातात पेन्सिल घेऊन, समोर वस्तू मांडून, सरांबरोबरच काढायचं. वडील कामावरून आले की त्यांचा फोन घेऊन ती बसू लागली.

पहिला विषय वस्तुचित्राचा होता. सर म्हणाले, “घरातलं मडकं घ्या. एकाच बाजूनं उजेड येईल असं खिडकीपाशी ठेवा.”

मुलीनं मडकं मांडलं आणि कॅमेरा बंद केला. पडद्यावर बाकीच्या मुलांच्या मागं पांढऱ्या भिंती दिसत होत्या, उभे बोर्ड दिसत होते. तिच्या मागं दोरीवर वाळत घातलेले कपडे होते. शिवाय तिचा खोडरबर फार चाले, आणि खोडताना कुणी पाहिलेलं तिला आवडत नसे. चित्र पुरं झालं की ती त्याचा फोटो काढी, कडा कापी, उजेड थोडा वाढवी आणि मग पाठवी.

सर चित्र पाहून म्हणाले, “छटा चांगल्या आहेत. पण मडक्याचं तोंड फार उघडलंय आणि तळ एकदम सपाट आलाय. वस्तू कलंडल्यासारखी वाटते.”

तिनं तोंड खोडून अरुंद केलं, तळ गोलसर केला. ते चित्र सुधारलं. दुसऱ्या दिवशी बादली होती. तिचंही तोंड उघडं, तळ सपाट. मग तांब्या, मग डबा. सर तेच सांगत, ती तेच दुरुस्त करी, आणि पुढच्या वस्तूला चूक पुन्हा हजर.

कलाशाळेत असं सहसा होत नाही. तिथं मुलं डाँकीवर, म्हणजे पुढं बोर्ड टेकवायची सोय असलेल्या लाकडी बाकावर बसतात आणि शिक्षक त्यांच्या मागून फिरत असतात. पहिल्या चार रेघा पडल्या की त्यांना समजतं, पोर कुठं चुकतंय. ऑनलाइन वर्गात हे मागून फिरणं संपतं. विद्यार्थी जेवढं दाखवील तेवढंच शिक्षकाला दिसतं. लांबच्या गावातल्या मुलांसाठी अशा कार्यशाळा फार मोलाच्या आहेत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्यांतली ही एक गोष्ट सांभाळली नाही तर जीव हळहळतो.

मुलीला वाटलं, आपलं मडकंच वाकडं असावं. ते घेऊन ती कुंभारवाड्यात गेली. “काका, एक नीट गोल मडकं द्या. चित्र काढायचंय. ह्यात काहीतरी खोट आहे.”

कुंभारकाका ओल्या मडक्याला थापटीनं ठोकत होते. आतून एका हातात दगड धरलेला, बाहेरून थापटी. त्यांनी हात पुसले, मुलीचं मडकं उचललं आणि बोटानं वाजवलं. खणखणीत आवाज आला.

“पोरी, ह्यात खोट न्हाई. आन् असती तरी म्या आता काय केलं असतं? भाजल्यालं मडकं निस्तं वाजवून बघायचं. चिरकं वाजलं तर बाजूला ठिवायचं. खोट कळती, पर काढता येत न्हाई. हात घालायचा तर कच्च्यातच.” एवढं बोलून ते परत ओल्या मडक्याकडं वळले. त्याची एक बाजू दबली होती. आतून दगड टेकवून त्यांनी थापटीचे हलके ठोके दिले आणि ती उचलून आणली.

मुलगी बघत उभी राहिली. सर आपलं चित्र रोज वाजवूनच बघतात, तिच्या मनात आलं. कच्चं आपण त्यांच्या हाती कधी दिलंच नाही.

त्या संध्याकाळी तिनं फोन कोनाड्यात तिरका ठेवला. त्यात मडकं दिसत होतं, कागद दिसत होता, ती स्वतः दिसत होती आणि दोरीवरचे कपडेही दिसत होते. तिनं कॅमेरा चालू केला आणि पेन्सिल उचलली. तोंडाचा गोल काढला, खोडला, पुन्हा काढला.

“थांब,” सर म्हणाले. “आत्ता काय केलंस?”

“काही नाही सर. खोडलं.”

“त्याच्या आधी. तू गुडघ्यांवर उठलीस, मडक्यात वाकून बघितलंस आणि मग खाली बसून तळ काढलास. तोंड वरून पाहतेस आणि तळ समोरून. एका चित्रात तुझे डोळे दोन उंचींवर आहेत. इतके दिवस मी तुला फक्त चूक सांगत होतो गं. ती येते कुठून, ते मला आज दिसलं.”

मग त्यांनी तिला भिंतीला पाठ टेकून बसायला सांगितलं. बोर्ड नव्हता, म्हणून तिनं जेवायचा पाट गुडघ्यांवर उभा धरला आणि त्यावर कागद लावला. कागद जमिनीवर आडवा असला की त्याची वरची बाजू डोळ्यापासून लांब जाते आणि चित्र नकळत उंच ताणलं जातं, हेही सरांनी सांगितलं. एक डोळा मिटायचा, हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरायची, मडक्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजायचं, आणि चित्र संपेपर्यंत डोकं जागचं हलू द्यायचं नाही. तोंड डोळ्याच्या पातळीच्या जवळ होतं, त्यामुळं त्याचा गोल चपटा दिसला. तळ पातळीच्या बराच खाली होता, म्हणून त्याची वक्र रेघ जास्त गोलाई घेऊन आली. हा नियम तिनं ऐकलेला होता. स्वतःच्या डोळ्यांनी तो तिला पहिल्यांदा दिसला.

हे सगळं बाकीची मुलंही पाहत होती. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भिंतीसमोरच्या एका मुलानं कॅमेरा चेहऱ्यावरून कागदाकडं वळवला. कागद खोडून खोडून काळवंडला होता. “तू कडेची रेघ आधी गडद करतोस,” सर म्हणाले, “मग प्रमाण बदलायचा तुला धीर होत नाही. आधी फिकं मांड.”

एका मुलीनं विचारलं, “सर, माझा डेटा तासभर पुरत नाही. मी काय करू?”

“कॅमेरा बंद ठेव,” सर म्हणाले, “पण फोटो तीन पाठव. पहिल्या पाच मिनिटांनी एक, अर्धं झाल्यावर एक आणि संपल्यावर एक. पहिला पाठवायच्या आधी त्यातलं काही खोडू नकोस.”