हिरडीची जखम

विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नांदेडबरोबरच हिंगोली, परभणी आणि तेलंगणाच्या सीमेवरून रुग्ण येतात. साखर वाढलेली असते, छातीत दुखत असते, पायाची जखम भरत नसते. दात घासताना रक्त येते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पायरिया म्हणजे वयाची खूण, असे आपण धरून चालतो. वरचा दात काढला की नजर जाते, ही समजूत मात्र आपल्याकडे पक्की! दाताचा डोळ्याशी जोडलेला संबंध खोटा आहे; हिरडीचा साखरेशी असलेला खरा संबंध अजून घराघरांत पोचलेला नाही.

सुश्रुतसंहितेने दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, १५ रोग सांगितले आहेत. त्यांतल्या दंतवेष्टात हिरडीतून पू आणि रक्त येते, दात हलू लागतात. हे रोग सांगितले ते साऱ्या शरीराला लावलेल्या दोषांच्याच भाषेत. तोंड तेव्हा शरीरापासून वेगळे काढलेले नव्हते. फारकत पुढची आहे. १८४० मध्ये बाल्टिमोरला दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले आणि दात हा निराळा पेशा झाला. आपल्याकडेही १९४८ पासून दंतवैद्यांचा कायदा वेगळा आहे.

जंतुशास्त्र आले तेव्हा तुटलेला संबंध पुन्हा दिसू लागला. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या दंतशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये तोंड हे शरीरभर संसर्ग पसरवणारे केंद्र असल्याचे मांडले. १९१० मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या भाषणात तोच मुद्दा जोरकसपणे लावून धरला. पुढे जे झाले ते भयंकर होते. सांधे दुखतात, काढा दात; रक्त कमी आहे, काढा दात. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी मनोरुग्णांचे दात सरसकट उपटले. दात गेले, आजार राहिले. १९४० च्या सुमारास जुन्या रुग्णांच्या नोंदी कसून तपासल्या गेल्या आणि ही कल्पना टाकून देण्यात आली.

मला या शेवटाचेही वाईट वाटते. तुलनेला दुसरा गट न ठेवता हजारो दात काढणे हा अपराधच होता; पण त्या अतिरेकाबरोबर वैद्यकाने तोंडाकडे पाहणेच सोडून दिले, आणि त्यात पन्नास वर्षे गेली.

१९८९ मध्ये फिनलंडच्या मॅटिला आणि सहकाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात-हिरड्या इतरांपेक्षा खराब आढळल्या. १९९३ मध्ये हिरडीतज्ज्ञ हॅराल्ड लो यांनी हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. या वेळी मात्र दावे तपासून घेतले गेले. गरोदरपणी हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी होत नाहीत, असे २००६ मधल्या मोठ्या चाचणीत दिसले. हृदयाशी संबंध आहे, पण हिरडीमुळेच हृदयरोग होतो हे सिद्ध नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट केले.

मधुमेहाबाबत पुरावा भक्कम आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी. साखर वाढली की हिरड्या झपाट्याने बिघडतात. हिरड्यांची सूज इन्सुलिनचे काम अवघड करते. दातांची मुळापर्यंत नीट सफाई केली तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सुमारे ०.४ टक्के अंकांनी उतरते. रोग बळावलेल्या तोंडात हिरड्यांच्या आतली सुजलेली जागा ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. एवढी जखम मधुमेह्याच्या पायावर असती तर डॉक्टरांनी ती रोज उघडून पाहिली असती. ती तोंडात आहे, एवढ्यानेच दुर्लक्षित राहते.

मराठवाड्यात तर कारणे वाढतच जातात. तंबाखू आहे, २०१२ च्या बंदीनंतरही मिळणारा गुटखा आहे, आणि गावोगावच्या बायकांची मिशेरी आहे. ती दात स्वच्छ करते असे त्या मनापासून मानतात, आणि तंबाखूचे व्यसन तिथूनच जडते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून तर रक्तही कमी येते, म्हणून रोग आत वाढत असतानाही कळत नाही.

मधुमेहाची ओपीडी जिथे जिथे भरते तिथल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: पाय पाहता तसे तोंडही उघडायला सांगा, आणि हिरडी सुजलेली दिसली तर रुग्णाला दंतविभागाची चिठ्ठी द्या. आणि घरात साखरेच्या गोळ्या घेणारे कोणी असेल, तर दात घासताना रक्त येते का, हे त्यांना आजच विचारा.