तीर्थाचा एक थेंब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या अंकासाठी दरवर्षी मला काहीतरी लिहायला सांगतात आणि मी आपला वाडीच्या पालखीबद्दल नाहीतर एखाद्या अध्यायाबद्दल दोन पानं लिहून देतो. मी काही अभ्यासक नाही. बी. कॉम. झालो, बँकेत काउंटर आणि लेजर सांभाळत पस्तीस वर्षं काढली. यंदा मात्र एका मुलाबद्दल लिहायचं आहे. त्याचं नाव देत नाही, त्याच्या आईची तशी इच्छा आहे.

आमच्या गल्लीतला मुलगा. २०१४ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आईला मधुमेह, त्यामुळे तिची किडनी चालेना. वडिलांचा रक्तगट जुळला नाही. प्रतीक्षा यादीत नाव घातलं आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. डाव्या हातात दोन जाड सुया, बाजूला मशीन. खर्च सरकारी योजनेतून निघे, पण दिवस कुठल्या योजनेतून भरून निघणार?

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना माहीत असेल. यात तहान लागली तरी पाणी पिता येत नाही. त्याला दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिलं होतं. चहा, आमटी, ताक, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यातच. नारळपाणी नाही, केळं नाही, खजूर नाही. आता आपल्या दत्ताचा प्रसाद म्हणजे काय असतो सांगा! गुरुवारी आरतीनंतर मी पळीभर तीर्थ द्यायला लागलो की तो तळहात पुढे करून हसायचा, "काका, एकच थेंब. बाकीचं हिशेबात बसत नाही." तो थेंब जिभेला लावायचा, ओला हात डोळ्यांवरून फिरवायचा. प्रसाद कपाळाला लावून शेजारच्या लहान मुलाच्या हातावर ठेवायचा. आम्ही ओंजळभर तीर्थ पितो आणि घड्याळ बघतो. त्याच्या त्या एका थेंबाइतकं लक्ष माझं कधी लागलं नाही, हे खरं आहे ते सांगतो.

आता माझी चूक सांगतो, कारण लेख त्यासाठीच लिहितोय.

सुरुवातीच्या वर्षी मी त्याच्यासाठी गुरुचरित्राचे तीन सप्ताह केले. संकल्प सोडला की हा मुलगा बरा व्हावा. त्याच्या आईलाही छातीठोक सांगून आलो, "वहिनी, काळजी करू नका, महाराज उठवतील त्याला." तिसावा अध्याय माझ्या डोळ्यांपुढे होता. आपल्या सगळ्यांना ती कथा पाठ आहे. माहूरचे गोपीनाथ, त्यांना दत्तकृपेने झालेला मुलगा, नावही दत्तच. लग्न झालं आणि ऐन तारुण्यात त्याला क्षय लागला. बायको सावित्री, नवरा जे खाईल तेच खाणारी, त्याचं औषधसुद्धा त्याच्याबरोबर घेणारी. त्याला डोलीत घालून ती गाणगापूरला आणते आणि नेमका तिथे पोचल्यावर तो प्राण सोडतो. मग श्रीगुरू त्याला उठवतात. सप्ताहात चौथ्या दिवशी हे वाचन येतं. तिन्ही वेळा तिथे माझा कंठ दाटून आला.

तीन सप्ताह झाले. रिपोर्ट होता तसाच. मग मी काय केलं? त्याच्या घरी जाणं कमी केलं. देवावर रागावलो होतो असं तेव्हा स्वतःला सांगत होतो. खरं तर त्या माउलीला तोंड दाखवायची लाज वाटत होती. शब्द मी दिला होता, महाराजांनी नव्हे!

एका गुरुवारी तोच आला. जिना चढून धापा टाकत. म्हणाला, "काका, तुमचे सप्ताह बुडाले असं वाटतंय ना तुम्हाला?" मी गप्प. मग म्हणाला, "ती कथा पुढे वाचा ना. एकजण विचारतोच की, ब्रह्मदेवाने लिहिलेलं खोटं कसं झालं? तर महाराज सांगतात, पुढच्या जन्मीच्या आयुष्यातली वर्षं मागून घेतली. म्हणजे उचलच ती! तुमच्या बँकेच्या भाषेत ॲडव्हान्स. मला मशीन दर दोन दिवसांनी रिन्यू करून देतंय. मीही उचलीवरच आहे. मिळालेल्या दिवसांत काय करायचं तेवढं सांगा."

मी म्हटलं, तू स्वतः पारायण कर. त्याचे डोळे चमकले. लगेच विचारलं, "सात दिवसांत तीन दिवस तर मी तिकडे. पोथी वॉर्डात नेली तर चालेल? चार तास पडूनच असतो."

मी ताडकन म्हणालो, "छे! तिथे रक्त, सुया, शिवाशिव. गुरुचरित्राला सोवळं लागतं, आसन मोडायचं नसतं. नियम म्हणजे नियम."

"बरं काका," एवढंच म्हणाला. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, आजही मी सोवळ्यानेच वाचतो. पण धट्ट्याकट्ट्या माणसाने मांडी घालून पाळायचा नियम मी त्या पोराच्या सुईवर ठेवला. लेजरमध्ये रकाना नाही म्हणून एखाद्याची ठेव परत करावी, तसं झालं ते.

आठ वर्षं त्याने असे काढली. २०२२ च्या आषाढात गेला. वय सत्तावीस.

बाराव्या दिवशी त्यांच्या घरी एक गृहस्थ आले. इचलकरंजीचे, यंत्रमागावर काम करणारे. डायलिसिसला याच्या शेजारच्या खाटेवर असायचे. मला म्हणाले, "पोरगं लई झ्याक कथा सांगायचं बघा. आदल्या रात्री आंघोळ करून घरी पोथी वाचायचं आनि दुसऱ्या दिवशी मशीन लागली की आमास्नी सांगायचं. सायंदेवाची, रजकाची, त्या वांझ म्हशीची. पोथी हितं आनायची न्हाई, काकांनी सांगितलंय, म्हनायचं. मशीन टुंटुं वाजली की थांबायचं. सिस्टर येऊन बटन दाबून जायची, तीबी इचारायची, पुढं काय झालं रे?"

मी तिथून उठून अंगणात गेलो. माझी आज्ञा त्याने शब्दशः पाळली होती. पोथी वॉर्डात नेली नाही. कथा नेली.

भाविकहो, आपण आजाराला परीक्षा म्हणतो, प्रारब्ध म्हणतो आणि मोकळे होतो. पण आपल्याच परंपरेकडे बघा. प. प. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज. १८५४ साली माणगावात जन्म, १९१४ साली गरुडेश्वरी नर्मदेच्या काठी समाधी. ज्यांचं घोरकष्टोद्धरण स्तोत्र म्हणून हजारो घरांतून संकट निवारणाची प्रार्थना होते, त्या महाराजांना स्वतःला संग्रहणीचा विकार होता. त्या देहाने अनवाणी भारतभर पायी हिंडले, ग्रंथ लिहिले, लोकांची दुःखं ऐकली. मग ज्याचा रोग हटला नाही त्याची भक्ती कमी पडली असं म्हणायला आपण कोण? असं बोलणारा माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्यावर दुसरा आजार लादतो. मी लादला होता, म्हणून सांगतो.

सावित्रीच्या नवऱ्याला महाराजांनी उठवलं, आमच्या मुलाला नाही उठवलं. का, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. बँकेत एखादी नोंद कुठे बसत नसली की ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. खोडत नाहीत, दुसऱ्याच्या नावावरही टाकत नाहीत. मी ती तशीच ठेवली आहे. पण एक दिसलं. त्या कथेत सावित्रीने आधी तीन वर्षं जे केलं, आजाऱ्याचं ताट आणि त्याचं औषध आपलं मानलं, ते मी चमत्काराच्या घाईत वाचलंच नव्हतं.

त्या गृहस्थांनी निघताना मला विचारलं, "आता आमच्यात कुनी सांगनारं न्हाई. तुमी याल का?"

चार दिवस गेलो नाही. मग एका बुधवारी गेलो. पाय धुवायचे, चपला बाहेर, तोंडाला मास्क. पाच खाटा, पाच मशीनं. मी स्टुलावर बसून पोटशूळवाल्या ब्राह्मणाची कथा सुरू केली, महाराज त्याला पोटभर जेवू घालतात ती. दोन वाक्यांतच घशाला कोरड पडली आणि मी पिशवीतली पाण्याची बाटली काढली. मग पाची जणांकडे पाहिलं. बाटली परत आत ठेवली.

कथा संपल्यावर इचलकरंजीचे गृहस्थ म्हणाले, "बरी सांगितली. पन तो जेवनापाशी जरा थांबायचा. ताटात काय काय वाढलं ते सगळं सांगायचा. आमी नुसतं ऐकूनच जेवायचो."

पुढच्या बुधवारपासून मी ताट सविस्तर वाढतो. आपणांपैकी कुणाच्या गावात असा वॉर्ड असेल, तर दत्तजयंतीच्या पाळण्यानंतर एखादा दिवस तिकडे जा. सुंठवडा नेऊ नका, त्यांना चालेलच असं नाही. कथा न्या.

श्रीदत्तचरणी अर्पण.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥