समुद्राकाठची नर्मदा

वतन म्हणजे नेमकं काय? माणूस जिथं जन्मतो ती जमीन, जिथं राबतो तो मुलूख, की जिथं त्याची कबर होते ती माती? हा प्रश्न आपल्या समाजाला जरा जास्तच वेळा विचारला जातो. म्हणून चित्रकार सय्यद हैदर रझा यांचं आयुष्य आपण समजून घ्यायला हवं.

रझांचा जन्म 1922 चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगल खात्यात. शाळेत पोराचं चित्त थाऱ्यावर राहीना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे नागपूर, मग मुंबईचं जे. जे. स्कूल. मुंबईत त्यांना हात दिला तो वॉल्टर लँगहॅमर या ऑस्ट्रियन चित्रकाराने. पत्नी ज्यू, म्हणून हिटलरच्या काळात तेही घरदार सोडून इथं आलेले.

फाळणीनंतर रझांचे भाऊ-बहीण, पहिली पत्नी पाकिस्तानात गेले. रझा गेले नाहीत. 1950 मध्ये शिष्यवृत्तीवर ते फ्रान्सला गेले आणि साठ वर्षं तिथेच राहिले. दक्षिणेत, भूमध्य समुद्राजवळच्या गोर्बिओ गावीही त्यांनी घर केलं. समुद्र जवळ होता. पण उतारवयात कॅनव्हासवर आलं ते मंडल्याचं जंगल, नर्मदेची ओढ, गुरुजींचा तो बिंदू. फ्रेंच नागरिकत्व त्यांनी घेतलं नाही. 2010 च्या अखेरीस ते परतले. 2016 मध्ये दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी दफन झालं.

इथे टाळ्या वाजवून थांबणं सोपं आहे. पण कबरीच्या मातीवरूनच माणूस जोखायचा, तर आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचं काय करायचं? खटले आणि धमक्यांमुळे 2006 मध्ये ते देशाबाहेर गेले, 2010 मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, 2011 मध्ये लंडनला वारले आणि इंग्लंडातच दफन झाले. म्हणून त्यांचे घोडे परके ठरतात का? रझांना परतता आलं, हुसेन यांना आलं नाही. फरक मोहब्बतीचा नव्हता, परिस्थितीचा होता.

पासपोर्ट आणि कबर या दुसऱ्याने तपासायच्या गोष्टी. माणसाची नजर पुन्हा पुन्हा कुठं वळते, ते त्याच्या कामातच दिसतं.

आमच्या भडगावची मुलंही गिरणेचा काठ सोडून मुंबई-सुरतेला जातात, कुणी आखातात. हिजरत ही काही बेइमानी नव्हे. त्यांना 'तू कुठला?' असं विचारण्याआधी आपण स्वतःला विचारावं, की ते इथं होते तेव्हा आपण त्यांना काय दिलं? मंडल्याच्या त्या गुरुजींनी तर फक्त एक ठिपका दिला होता. पोरानं तो समुद्रापार नेला आणि आयुष्यभर सांभाळला.